जावात फाइलचं नाव आणि क्लासचं नाव: कंपायलरचा नियम कोणता, नुसती रीत कोणती?

शहादेकर

राम राम मंडळी. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जावाची प्रॅक्टिकलं सुरू झालीत. (कोड इथे देवनागरीत लिहितोय, रोमन समजून घ्या.)

वर्गात सांगितलं की फाइलचं नाव आणि क्लासचं नाव एकच पाहिजे, नाहीतर कंपाइल होत नाही. मी प्रॅक्टिकल३.जावा अशी फाइल केली आणि आत 'क्लास शेतकरी' लिहिलं, पुढे पब्लिक लावलं नाही. जावासीनं, म्हणजे जावाच्या कंपायलरनं, काहीच तक्रार केली नाही. मग 'जावा प्रॅक्टिकल३' दिलं तर मेन क्लास सापडत नाही म्हणून एरर. पब्लिक लावून पाहिलं तर कंपाइलच होईना. रूममेट म्हणतो जावा ११ पासून हा नियमच उठला, त्याच्या लॅपटॉपवर फाइलला काहीही नाव दिलं तरी चालतं. आता खरं काय? जर्नलमध्ये लिहायचं आहे, पण पाठ करून नको, समजून घ्यायचंय.

काटापावती (जळगाव)

भाऊ, तू सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि रूममेटही खोटं बोलत नाहीये. घोळ एवढाच की तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट 'नियम' म्हणतो. एक भाषेचा नियम, दुसरा जावासीसारखं साधन जे अडवतं ते, आणि तिसरी लोकांनी पाडलेली रीत. हे तीन वेगळे ओळखता आले की पाठांतराची गरज उरत नाही.

फाइलच्या नावाचा मामला दुसऱ्या प्रकारातला आहे. जावाच्या अधिकृत भाषा-विनिर्देशात असं म्हटलंय की पॅकेजेस (क्लासांचे गट) फाइलींमध्ये साठवणारी व्यवस्था असं बंधन घालू *शकते*: क्लास पब्लिक असेल, किंवा दुसऱ्या फाइलीतला कोड त्याला हाक मारत असेल, तर तो त्याच्याच नावाच्या फाइलीत हवा. घालायलाच पाहिजे असं नाही. जावासीनं त्यातला पब्लिकचा भाग सक्तीचा केला. म्हणून पब्लिक लावल्यावर तुला 'क्लास शेतकरी इज पब्लिक, शुड बी डिक्लेअर्ड इन अ फाइल नेम्ड शेतकरी.जावा' असं ठणकावून सांगितलं. ओघानंच एका फाइलीत सगळ्यात वरच्या पातळीवर पब्लिक क्लास एकच बसतो, कारण एका फाइलीला दोन नावं देता येत नाहीत.

पब्लिक नसताना जावासीनं काय केलं ते बघ. फोल्डर उघड. तिथे प्रॅक्टिकल३.क्लास दिसणार नाही, शेतकरी.क्लास दिसेल. कंपाइल झालेली फाइल नाव घेते ते क्लासचं, सोर्स फाइलचं नाही. एका फाइलीत चार क्लास असतील तर चार क्लास फाइली पडतील. 'जावा' ही आज्ञा क्लासचं नाव मागते, म्हणून 'जावा शेतकरी' दिलंस की चालेल.

आता हे बंधन हवंच कशाला? याचं उत्तर बहुतेक गाइडांत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समज जिनिंगसाठी वजनकाट्याचा प्रोग्राम आहे. काटापावती.जावा या फाइलीत एक ओळ आहे: 'शेतकरी श = न्यू शेतकरी()'. तू फक्त 'जावासी काटापावती.जावा' दिलंस. कंपायलरला शेतकरी नावाचा क्लास हवाय आणि हातात नावाशिवाय काही नाही. तो क्लासपाथवर (क्लास शोधायला ठरवून दिलेल्या फोल्डरांत) शेतकरी.क्लास शोधतो, शेतकरी.जावा शोधतो. दोन्ही सापडले तर एरवी त्यातली जी फाइल नंतर बदललेली असेल ती घेतो, आणि ती जावा फाइल असेल तर तीही कंपाइल करून टाकतो. पण शेतकरी हा क्लास प्रॅक्टिकल३.जावाच्या पोटात असेल तर? ती फाइल कंपायलर उघडणारच नाही. डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडून आत काय आहे ते बघत बसायचं नसेल, तर नावावरून पत्ता लागलाच पाहिजे.

त्यातून एक फसवा प्रकार होतो. तू 'जावासी *.जावा' दिलंस तर सगळ्या फाइली एकदम हातात असतात, त्यामुळे कुठला क्लास कुठेही असला तरी निभावून जातं. नंतर क्लास फाइली पुसून एकच फाइल कंपाइल केलीस की 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल'. काल चालत होतं, आज काय झालं, असं वाटतं. म्हणून पब्लिक नसलेला क्लास दुसऱ्या फाइलीतून वापरायचा असेल तर त्यालाही त्याच्या नावाची स्वतंत्र फाइल दे. जावासीला उणे एक्सलिंट:ऑक्झिलरीक्लास हा पर्याय दिलास तर तो अशा जागी इशारा देतो.

अमळनेरी

दादा, याच्याशी लागून माझा प्रश्न. आम्ही विंडोजवर काम करतो, बिल्ड लिनक्स सर्व्हरवर होतो. क्लासच्या नावात पहिलं अक्षर स्मॉल होतं, ते कॅपिटल केलं, फाइलचंही केलं. माझ्याकडे सगळं सुरळीत, सर्व्हरवर तोच 'शुड बी डिक्लेअर्ड इन अ फाइल नेम्ड' वाला एरर. आणि रेपॉझिटरीत फाइलचं नाव अजून जुनंच दिसतंय.

काटापावती (जळगाव)

हे जावाचं नाही, फाइल सिस्टीमचं आणि गिटचं (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचं) आहे. विंडोजला स्मॉल 'के' आणि कॅपिटल 'के' यांची फाइल एकच वाटते. जावाला ती दोन नावं वाटतात. विंडोजवर गिट 'कोअर.इग्नोअरकेस' चालू ठेवून बसतं, त्यामुळे अक्षराचा नुसता आकार बदलला तर त्याला बदल झाल्याचंच कळत नाही. क्लासच्या आतला बदल गेला, नाव मात्र जुनंच गेलं, आणि लिनक्सनं ते बरोबर पकडलं. एक्सप्लोररमधून नाव बदलू नकोस, 'गिट एमव्ही जुनंनाव नवंनाव' असं बदल आणि कमिट कर.

फक्त लहानमोठ्या अक्षरांचा फरक असलेले दोन क्लास एकाच पॅकेजात तर कधीच ठेवू नकोस. विंडोजवर दुसऱ्याची क्लास फाइल पहिलीवर चढते आणि एक गायब होतो. आणि 'जावा' आज्ञेला नाव देताना आकार चुकला तर विंडोजवर फाइल सापडते पण आतलं नाव जुळत नाही, म्हणून 'नोक्लासडेफफाउंडएरर' आणि कंसात 'राँग नेम' येतं. ते 'राँग नेम' वाचायची सवय लावून घे, उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मी कॉम्प्युटर क्लासमध्ये जावा शिकवते. पहिल्या महिन्यात मुलांचा जेवढा वेळ लूप समजण्यात जात नाही तेवढा नावांपायी जातो. शहादेकर, तुझ्या उपयोगाचं सांगते.

नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल बऱ्याचदा शेतकरी.जावा.टीएक्सटी झालेली असते, आणि विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं म्हणून दिसत नाही. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचं चालू केलं की उलगडा होतो.

क्लासचं नाव आकड्यानं सुरू होत नाही, त्यात मोकळी जागा किंवा आडवी रेघ चालत नाही. हा मात्र भाषेचाच नियम आहे, तिथे कुणाचीच सवलत नाही. अंडरस्कोर आणि डॉलरचं चिन्ह चालतं. पण नुसता एकटा अंडरस्कोर जावा ९ पासून नाव म्हणून देता येत नाही. डॉलर कायद्यानं चालत असला तरी हात लावू नका, तो कंपायलर स्वतः वापरतो: काटापावती या क्लासच्या आत 'नोंद' नावाचा क्लास असेल तर काटापावती$नोंद.क्लास अशी फाइल पडते, आणि निनावी क्लासला काटापावती$१.क्लास.

राखीव शब्द तर नाहीच. गोटू आणि कॉन्स्ट हे जावात वापरात नाहीत तरी राखीव आहेत. काही शब्द नंतर अडवले गेले: व्हार हे क्लासचं नाव जावा १० पासून देता येत नाही, रेकॉर्ड १६ पासून. 'रेकॉर्ड' हे फार मोहात पाडणारं नाव आहे. जुन्या जर्नलातून उतरवलेला प्रोग्राम नव्या जावावर अडला तर एकदा तिकडे बघा.

आणि जिथे मुलं खरोखर रडकुंडीला येतात ते हे. स्ट्रिंगचं प्रॅक्टिकल म्हणून क्लासलाच स्ट्रिंग नाव दिलं. स्कॅनरचं म्हणून स्कॅनर. एका मुलीची फाइल मी शेजारी बसून पाहिली. स्ट्रिंग.जावा, आत पब्लिक क्लास स्ट्रिंग, मेन पद्धत अगदी अक्षर न् अक्षर बरोबर. कंपाइल झाली. चालवली तर 'मेन मेथड नॉट फाउंड इन क्लास स्ट्रिंग'. ती मेनकडे बोट दाखवून म्हणत होती, मॅडम, हे काय, आहे ना! आहेच. पण मेनच्या कंसातला स्ट्रिंग आता जावाचा राहिला नाही, तिचा स्वतःचा झाला. त्याच पॅकेजातला क्लास आपोआप आलेल्या जावा.लँगमधल्या क्लासला झाकतो. क्लासला स्ट्रिंगसराव असं नाव दिलं, फाइलचंही बदललं, जुनी स्ट्रिंग.क्लास पुसली, मग चाललं. ती जुनी क्लास फाइल पुसायची राहिली की त्याच फोल्डरातले पुढचे प्रोग्रामही तसेच बिघडतात. नाव बदललं की आधीची क्लास फाइल पुसायची, हे माझ्या वर्गात मी वहीत लिहूनच घेते.

शहादेकर

ताई, खूप उपयोगी. जुनी क्लास फाइल पुसायची हे कुणीच सांगितलं नव्हतं. जावा ११ चं कुणी सांगेल का? रूममेट ऐकत नाहीये.

लळिंग (धुळे)

त्याचं निम्मं बरोबर आहे. सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मध्ये 'जावा प्रॅक्टिकल३.जावा' असं थेट सोर्स फाइल चालवायची सोय आली. कंपाइल मेमरीतच होतं, क्लास फाइल पडत नाही. या वाटेनं गेलं तर फाइलचं नाव क्लासशी जुळायची सक्ती मुद्दाम ठेवलेली नाही, फाइलीतला पहिला क्लास चालतो. काटापावतीदादा म्हणाले ते इथे पटतं: बंधन भाषेचं असतं तर असं सैल करताच आलं नसतं. जावासी वापरलंस की मात्र पब्लिकचा नियम आजही जसाच्या तसा आहे.

एक अडचण सांगून ठेवतो. जावा ११ वर आधी जावासीनं कंपाइल केलं आणि मग त्याच फोल्डरात 'जावा शेतकरी.जावा' दिलं, तर 'क्लास फाउंड ऑन अॅप्लिकेशन क्लासपाथ' म्हणून अडतं. दोन्ही पद्धती एकत्र करू नकोस.

मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये ही सोय अनेक फाइलींपर्यंत नेली, आणि नाव परत आलं. पहिल्या फाइलीनं दुसऱ्या फाइलीतला क्लास मागितला तर लाँचर (म्हणजे 'जावा' ही आज्ञा) तो त्याच्या नावाच्या फाइलीत शोधतो. शोधायचं म्हटलं की नाव लागणारच.

सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये तर 'क्लास' ही ओळच न लिहिता नुसती मेन लिहिता येते. तिथे कंपायलर फाइलच्या नावावरून क्लासचं नाव ठरवतो. म्हणून प्रॅक्टिकल-३.जावा अशी आडव्या रेघेची फाइल जावासीला दिलीस तर 'बॅड फाइल नेम' म्हणतो. आजवर क्लासवरून फाइलचं नाव ठरायचं, इथे फाइलवरून क्लासचं ठरतं.

अहिराणीमैतर

दादा, एक इचारस. जावामा क्लासनं नाव मराठीमा देता येस का? म्हणजे खऱ्या देवनागरीत. साक्रीकडच्या आश्रमशाळेतल्या पोरांना सुट्टीत शिकवायला जातो. त्यांना इंग्रजी स्पेलिंगचीच धास्ती बसते, प्रोग्राम राहतो बाजूला.

काटापावती (जळगाव)

येतं, आणि आजचं नाही, पहिल्यापासून येतं. १९९६ साली जावा १.० आली तेव्हाच नावं युनिकोडमध्ये ठेवली होती. देवनागरी अक्षर, काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं नावात चालतं. सुरुवात मात्र अक्षरानं हवी, मात्रेनं नाही. 'पब्लिक क्लास केळी' लिही, फाइलही केळी या नावानं सेव्ह कर, कंपाइल होईल.

अडचण येते ती दुसरीकडे. जुन्या जावात जावासी सोर्स फाइल त्या त्या मशीनच्या एन्कोडिंगनं (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीनं) वाचायचा आणि विंडोजवर ते युटीएफ-८ नसायचं, म्हणून उणे एन्कोडिंग युटीएफ-८ द्यावं लागायचं. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून युटीएफ-८ हेच मूळ धरलंय. पोरांच्या मशीनवर १८ किंवा पुढची टाक, निम्मा त्रास जाईल.

दुसरा पेच खास आपल्या मराठीचा आहे. 'शेतकऱ्यांचीयादी' असं नाव घे. यातला ऱ्य तीन तऱ्हेनं टाइप होतो. कुणाचा कीबोर्ड ऱ हे एकच अक्षर देतो, कुणाचा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे, तर कुणाचा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. जावा पहिल्या दोघांना एक मानत नाही, कारण ती नावं प्रमाणित करून घेत नाही. म्हणजे फाइल एकानं नाव दिलेली आणि क्लास दुसऱ्यानं टाइप केलेला असला तर एररमधलं नाव आणि तुझ्या फाइलचं नाव डोळ्यांना हुबेहूब, तरी जुळत नाही. तिसऱ्या तऱ्हेत आणखी निराळं होतं: ते अदृश्य चिन्ह कंपायलर नावातून गाळतो, फाइल सिस्टीम गाळत नाही. मग एररमध्ये ऱ्यच्या जागी रफारवाला र्य दिसतो. पोरांना देवनागरी नावं द्यायची तर ऱ्य, ऱ्ह असलेली टाळ. केळी, कापूस, सरकी, गाठ, पाऊस ही नावं निर्धास्त.

लांबीचंही बघ. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे ८० च्या आसपास चिन्हं. एरवी पुरतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मला हे अर्धवटच पटतं. शिकवायला देवनागरी जरूर घ्या, मुलांचा चेहरा उजळतो हे मीही पाहिलंय. पण क्लासचं नाव कॅपिटलनं सुरू करायचं, पद्धतीचं स्मॉलनं, ही जावाची रीत देवनागरीत पाळताच येत नाही. आपल्या लिपीत लहानमोठं अक्षर नाही. मग 'गाठ' हा क्लास की व्हेरिएबल हे वाचून कळत नाही. ज्या मुलाला पुढे पुण्याला नोकरी करायची आहे त्याच्या डोळ्याला ही रीत पहिल्यापासून पडलेली बरी. सन कंपनीनं ती १९९० च्या दशकातच लिहून दिली: क्लास म्हणजे नाम, शब्दागणिक कॅपिटल, पद्धत म्हणजे क्रियापद, सुरुवात स्मॉल, स्थिरांक सगळा कॅपिटल, मध्ये अंडरस्कोर, पॅकेज सगळं स्मॉल. कंपायलर यातलं काहीच तपासत नाही. तरी जगभर जावा वाचणारा माणूस याच खुणांवर चालतो, त्यामुळे मी याला कंपायलरच्या नियमाइतकंच मानते.

अहिराणीमैतर

ताई, पटलं. मग पहिले चार धडे देवनागरीत आणि मग रोमनमध्ये मराठी शब्द, असं केलं तर?

काटापावती (जळगाव)

रोमनमध्ये मराठी शब्द ठेवायला माझी हरकत नाही. उलट धंद्याचा शब्द धंद्याचाच राहावा असं माझं ठाम मत आहे. जिनिंगवाला 'सरकी' म्हणतो, 'काटापावती' म्हणतो. त्याला इंग्रजी नाव दिलं की ग्राहकाशी बोलताना प्रत्येक वेळी मनात भाषांतर करावं लागतं आणि चुका तिथेच शिरतात. पण स्पेलिंग एकदा ठरवून फळ्यावर लिहून ठेव. 'शेतकरी' मध्ये त नंतर ए घालायचा की नाही, यावर दोन पोरं दोन फाइली करतात आणि कंपायलरला ते दोन वेगळे शेतकरी.

आद्याक्षरांबद्दल जावाची स्वतःची लायब्ररीही एकमतानं चालत नाही. एचटीटीपी-यूआरएल-कनेक्शनच्या क्लासमध्ये पहिला शब्द एकच अक्षर कॅपिटल, दुसरा सगळा कॅपिटल. गूगलच्या जावा शैलीत आद्याक्षरांनाही साध्या शब्दासारखं वागवतात, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. मला ते बरं वाटतं, वाचताना शब्द कुठे तुटतो ते कळतं.

आणि मॅनेजर, हेल्पर, डेटा, न्यू२ अशी नावं पोरांना देऊ देऊ नकोस. क्लास काय करतो हे एका नामात सांगता येत नसेल तर बहुतेक वेळा तो दोन कामं करतोय.

शहादेकर

जर्नलचं उत्तर तयार झालं: पब्लिक असेल तर नाव जुळणं जावासीला सक्तीचं, नसेल तर नाही, पण दुसऱ्या फाइलीतून वापरायचा तर जुळवायचंच, आणि क्लास फाइल नेहमी क्लासच्या नावानं. बरोबर ना? शेवटचं एकच. वर 'पॅकेज जिनिंग' लिहिल्यापासून 'जावा शेतकरी' दिलं की तोच 'राँग नेम' येतो, स्पेलिंग तर बरोबर आहे.

लळिंग (धुळे)

उत्तर बरोबर. कंस वाचला का? त्यात जिनिंग/शेतकरी लिहिलेलं असेल. पॅकेज लिहिल्यावर क्लासचं पूर्ण नाव जिनिंग.शेतकरी झालं आणि तू अजून अर्ध्याच नावानं हाक मारतोयस. क्लास फाइल जिनिंग नावाच्या फोल्डरात हवी आणि तू त्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर. 'जावासी -डी . शेतकरी.जावा' दिलंस तर फोल्डर तोच बनवून देतो. मग तिथूनच 'जावा जिनिंग.शेतकरी'.

पुढे मोठ्या प्रोजेक्टमध्ये पॅकेजचं नाव उलट्या डोमेननं सुरू करतात, म्हणजे आपल्याकडे बहुधा 'इन' नं. जावात इन राखीव नाही, चालतं. कोटलिन या जावाच्या शेजारच्या भाषेत मात्र आहे, तिथे त्याला बॅकटिकमध्ये ठेवावं लागतं. डोमेनमध्ये आडवी रेघ असेल तर तिच्या जागी अंडरस्कोर घाल.

शहादेकर

चाललं! एक पायरी वरून दिलं आणि लगेच आउटपुट आलं. रूममेटलाही धागा दाखवतो.